एकेचाळीस नंबर

माहुलच्या बंदराला ओहोटी लागलेली.
धाकलू वैतींनी होडी गाळात आडवी घातली
आणि मला चिखलावरची हिरवी साय काढू दिली.
चमच्याने. आईने डब्यात दिलेला चमचा.
"हेंच खातान ती पाखरा,
म्हनून गुलाबी होतान.
तुमी खाऊन काय व्हनार?"
खायचं नाही, म्हटलं, तेल काढायचंय.
त्यांनी वळून पाहिलं.
रिफायनरीच्या चिमणीवर
भर उन्हात ज्योत जळत होती.
"त्याल त तया हाय," म्हणाले,
आणि वल्हं मारलं.

पुढची तीन वर्षं मी त्या पेशीला
एकच वाक्य शिकवत होते.
नऊशे अक्षरांचं,
दुसऱ्याच कुणा जिवाच्या पोथीतून उचललेलं :
ऊन खा, धूर गीळ,
साखर साठवू नकोस, मेद कर,
आणि केलेला मेद बाहेर टाक.
तिला कशाला हवा होता मेद?
खाडीत तिचे पूर्वज
कुणाला काही न देता
कितीतरी कोटी वर्षं मजेत हिरवे होते.

चाळीस फ्लास्क नुसते हिरवे राहिले.
एकेचाळिसाव्यात बुडबुड्यांवर
तवंग आला,
रस्सा निवल्यावर येतो तसा.
मी ओरडले. मेहेरनोश चहा सांडत धावत आला,
पायात एकच चप्पल.

धाकलूंना सांगायला गेले.
"एका बाटलीत किती?"
दोन-तीन थेंब.
"माजी होडी किती जाल?"
मी बोटांवर हिशेब केला, मग मोबाइलवर,
मग पुन्हा बोटांवर.
हातभर.
त्यांनी होडीच्या काठावर कोपर टेकवून
मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पाहिलं.
हसतील असं वाटलं होतं.
"येवरा," ते हळू म्हणाले,
"नुसत्या उनावर?"

नवव्या आठवड्यात तवंग गेला.
पाणी मात्र इतकं हिरवं
की ट्यूबलाइटचा उजेड आरपार जाईना.
वाचून घेतलं. माझ्या वाक्यातलं
एक अक्षर गळलं होतं,
चारशे बाराव्या जागेवरचं,
आणि त्यापुढचं सगळं वाक्य
बडबडगीत झालं होतं.
लाखांत एकीच्या हातून सुटलं असेल ते.
बाकीच्या तेल गाळत बसल्या,
ही वाढली, दुप्पट झाली, पुन्हा दुप्पट,
पंधरा दिवसांत सगळा फ्लास्क
तिच्या लेकींचा.

वहीत लिहिलं : वाण अस्थिर.
सरांना तेवढंच हवं असतं.
खरं तर मला राग यायला हवा होता.
पण आठवत होती ती दुसरीच वही,
घरखर्चाची, बाबांना दर रविवारी दाखवायची.
आई तिच्यात एक ओळ
बरोबर गाळायची.
त्या न लिहिलेल्या ओळीवर
माझं कॉलेज झालं.

नियम असा आहे की घडवलेला जीव
जिवंत बाहेर जाऊ द्यायचा नाही.
एकशेएकवीस अंश, वीस मिनिटं.
झाकण उघडलं तेव्हा वाफेला
ओहोटीचा वास होता.
मेहेरनोशने खिडकी उघडली. त्याने जास्तच आला.

मूळचं वाण गोठवलेलं आहे.
सोमवारी बेचाळीस नंबर लावणार.
या वेळी वाक्य दोनदा लिहायचं, असं ठरलंय,
एक गळलं तर दुसरं राहील.
ती दोन्ही गाळेल.
मी तिला ओळखते आता.

चमचा अजून लॅबमध्येच आहे,
पेनांच्या पेल्यात.
आई दर महिन्याला भांडी मोजते
आणि फोनवर विचारते,
एक कमी कसा.